खाडीवरच्या रिंगिंगला यायचंय? ठाणे-नवी मुंबईच्या नव्या स्वयंसेवकांसाठी

हिवाळा लागला, खाडीत रोहित उतरले, की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते. "ते पक्ष्यांच्या पायात कडी घालतात ना, त्या कामाला मलाही यायचंय. नाव कुठे द्यायचं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हातात अलगद धरलेला पक्षी असतो. प्रत्यक्षात नव्या माणसाच्या वाट्याला बराच काळ वही, पेन्सिल, बांबू आणि गाळ येतो. हे आधी कोणी नीट सांगत नाही, म्हणून उत्साहाने आलेली चांगली माणसं लवकर गळतात. तसं होऊ नये म्हणून मी शिकले ते क्रमाने लिहिते आहे. या कामात तुम्ही किती पक्षी हाताळलेत याला फारसा अर्थ नाही. तुम्ही लिहिलेला आकडा बरोबर होता का आणि पक्षी धडधाकट उडून गेला का, एवढंच मोजलं जातं.

१. कडी कशासाठी, हे आधी समजून घ्या

पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेलं हलकं धातूचं कडं घालायचं, मापं घ्यायची, सोडून द्यायचं. याला वलयांकन म्हणतात, बोलताना सगळे रिंगिंगच म्हणतात. डेन्मार्कमधले शिक्षक हान्स मॉर्टेनसेन यांनी १८९९ मध्ये साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांना अॅल्युमिनियमची कडी घातली, तिथून याची पद्धतशीर सुरुवात झाली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, १९२७ मध्ये हे काम हाती घेतलं. १९५९ पासून डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली ते मोठ्या प्रमाणावर झालं. स्थलांतरी पक्ष्यांबरोबर गोचिड्या आणि रोग वाहून येतात का, हाही प्रश्न तेव्हा त्यामागे होता.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेली. स्थलांतरी पक्ष्यांचा मध्य आशियाई उड्डाणमार्ग तीस देशांवरून जातो, आपली खाडी त्यावरचा एक थांबा आहे. आपल्या गाळात चोच खुपसणारा कर्ल्यू सँडपायपर सैबेरियाच्या उत्तर टोकाच्या टुंड्रात अंडी घालतो. तो दर वर्षी याच खाडीत परततो का, किती वर्षं जगतो, वाटेत कुठे थांबतो, हे नुसत्या दुर्बिणीने कधीच कळणार नाही. हजारो पक्षी एकसारखे दिसतात. पायातल्या कड्यामुळे त्यांतला एक वेगळा ओळखता येतो.

स्थानिक पातळीवर याचा उपयोग फार थेट आहे. ओहोटीला पक्षी खाडीच्या गाळावर चरतात. भरतीने गाळ बुडाला की त्यांना विसाव्याला दुसरी जागा लागते: मिठागरं, नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळी, उरणच्या बाजूची खाजणं. खाडीत कडं घातलेला पक्षी भरतीला कुठल्या तळ्यावर दिसतो, याची नोंद असेल तर ते तळं बुजवणं म्हणजे खाडीच्याच पक्ष्यांची जागा काढून घेणं आहे, हे पुराव्यानिशी मांडता येतं. तळं वाचवायचं तर खाडीही वाचवावी लागते आणि उलटही, हे मला या नोंदींमुळेच पटलं.

२. कायदा: हा भाग वगळू नका

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात पक्षी पकडणंही येतं. तुमचा हेतू कितीही चांगला असो, परवानगीशिवाय जाळं लावणं गुन्हा आहे. वैज्ञानिक संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देतात, त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेली, प्रजाती असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागते. अभयारण्याच्या हद्दीत शिरायला वेगळी परवानगी लागते.

या परवानग्या तुम्ही काढायच्या नसतात, त्या संशोधन करणारी संस्था काढते. पण तुम्ही ज्या गटाबरोबर जाताय त्यांच्याकडे परवानगी आहे का, कोणत्या जागेसाठी आणि किती तारखेपर्यंत, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगला गटप्रमुख हा प्रश्न ऐकून खूश होतो, कागद काढून दाखवतो. प्रश्न टाळणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नका.

३. एक हंगाम नुसते पक्षी बघा

रिंगिंगच्या आधी खाडीची आणि पक्ष्यांची ओळख हवी. छोट्या चिखल्यांपासून मोठ्या कुरलांपर्यंत किनाऱ्यावरचे पक्षी ओळखणं सुरुवातीला जड जातं. हिवाळ्यात सगळे करड्या-तपकिरी रंगात असतात. एप्रिलमध्ये त्यांतले काही विणीच्या विटकरी रंगात येतात आणि ओळखलेला पक्षीही परका वाटतो. घाई करू नका. चोचीची लांबी, पायांचा रंग, उडताना पंखावर पांढरा पट्टा दिसतो का, एवढ्या तीन गोष्टींवर नजर बसवा.

जागा आपल्या दारातच आहेत. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र नवख्यांना सगळ्यात सोपं, तिथून भरतीच्या वेळेनुसार बोटीही निघतात. नेरूळला डीपीएस शाळेमागचं तळं आणि सीवूड्सला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ आहे. ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने खाली गेलात तर भांडुप पंपिंग स्टेशन आहे.

भरती-ओहोटी शिकल्याशिवाय यातलं काहीच जमत नाही. मोबाइलवर तक्ते मिळतात, पण कोळीवाड्यातला हिशेब डोक्यात ठेवा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा साधारण तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. खाडीत आत ठाण्याच्या बाजूला पाणी थोडं उशिरा चढतं. उधाणाच्या दिवसांत गाळ पूर्ण बुडतो आणि पक्षी विसाव्याच्या जागी गोळा होतात. भांगाच्या दिवसांत पाणी पुरतं चढत नाही, पक्षी पांगलेले राहतात. रिंगिंगच्या तारखा यावरूनच ठरतात.

मोजणीच्या उपक्रमांत भाग घ्या. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. या दिवसांत वनविभागाचे लोक, संशोधक आणि जुने पक्षीनिरीक्षक एकाच ठिकाणी भेटतात. तिथे शांतपणे, नियमित काम केलेलं माणूस लक्षात राहतं आणि पुढची दारं बहुतेक वेळा तिथूनच उघडतात.

४. नाव देताना

देशातल्या वलयांकनाच्या नोंदींचं समन्वयाचं काम बीएनएचएस करते, त्यांचं मुख्य कार्यालय फोर्टला हॉर्नबिल हाऊसमध्ये आहे. खाडीच्या अभयारण्याचा कारभार वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आहे. पत्र किंवा मेल लिहिताना "मला पक्ष्यांची खूप आवड आहे" एवढ्यावर थांबू नका. तुम्ही कुठे राहता, महिन्यातल्या कोणत्या रात्री मोकळे असता, रात्री घरी परतायची सोय आहे का, आजवर कोणत्या गणनेत भाग घेतला, मराठी-इंग्रजी अक्षर स्वच्छ आहे का, संगणकावर तक्ते भरता येतात का, हे लिहा. यांतलं शेवटचं कौशल्य फार दुर्मीळ आणि फार हवंहवंसं असतं.

लागणारे कागद साधारण असे:

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, दोन छायाप्रती
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- स्वतःच्या जबाबदारीवर येत असल्याचं सही केलेलं पत्र. संस्था नमुना देते, तो वाचून मगच सही करा
- घरच्या दोघांचे फोन नंबर आणि रक्तगट
- अठरा वर्षांखालील असाल तर पालकांचं संमतिपत्र
- धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं त्याची नोंद

अभयारण्यात जाणाऱ्यांची नावं आधी द्यावी लागतात. त्यामुळे "माझा मित्रही येतोय" असं आयत्या वेळी चालत नाही.

५. अंगावर आणि पिशवीत

मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. पिंडरीपर्यंतचे गमबूट, पण एक आकार मोठे नकोत, कारण सैल बूट गाळात रुतून राहतो आणि पाय तेवढा बाहेर येतो. डोक्याला बांधायचा दिवा, लाल प्रकाशाचा पर्याय असलेला. दोन पेन्सिली आणि शार्पनर, कारण दवात शाई फुटते. पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, एक कोरडा शर्ट. डासांचं मलम कपड्यांना आणि मानेला लावा, हातांना अजिबात नको. ते पिसांना लागतं. अत्तर, अंगठ्या, लोंबते दागिने घरी ठेवा.

घरी कोंबड्या किंवा कबुतरं असतील तर आधीच सांगा. २०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्रात बर्ड फ्लू पसरला होता. हात धुणं, कापडी पिशव्या उकळून वाळवणं, बूट साफ करणं याकडे त्यामुळे फार काटेकोरपणे पाहिलं जातं.

६. पहिली रात्र: तुमचं काम वहीचं

किनाऱ्यावरचे पक्षी पकडायला मिस्ट नेट वापरतात, बारीक काळ्या धाग्याचं उभं जाळं. आडव्या दोऱ्यांमुळे त्यात झोळ्या तयार होतात, पक्षी आदळला की अलगद झोळीत बसतो. चांदणं असेल तर पक्ष्यांना जाळं दिसतं, वारा असेल तर ते फुगतं. म्हणून काळोखी, निवांत रात्र हवी. अमावास्येला रात्र काळोखी आणि भरती मध्यरात्रीच्या सुमाराला, त्यामुळे त्या दोन-तीन रात्री सगळ्यांच्या कॅलेंडरवर खूण केलेल्या असतात.

उजेड असतानाच पोचायचं. बांबू रोवणं, दोऱ्या ताणणं, जाळ्याच्या आसपासच्या काटक्या काढणं यात तुमचे हात लागतील. इथे एक गोष्ट कायम तपासा: सगळ्यात खालची झोळी भरतीच्या कमाल पातळीपेक्षा बरीच वर आहे ना. पाणी वाढत असताना ओझ्याने झोळी खाली आली तर पक्षी बुडतो. शंका आली तर नवखे असलात तरी बोला, तेव्हाच बोला. खाडीच्या कांदळवनात कोल्हे आहेत, वस्तीजवळ मांजरं आणि कुत्री आहेत, त्यामुळे लावलेलं जाळं कधीच एकटं सोडत नाहीत. ठरलेल्या अंतराने फेरी होते, अर्ध्या तासाच्या आत. फेरी चुकवावी इतकं महत्त्वाचं दुसरं कुठलंही काम त्या रात्री नसतं.

पक्षी कापडी पिशवीत येतात. लांब पायांच्या पक्ष्यांना, शेकाट्या किंवा गॉडविटसारख्यांना, पाय दुमडून फार वेळ ठेवलं तर स्नायू इतके आखडतात की सोडल्यावर त्यांना उभं राहता येत नाही, आणि त्यातून ते मरूही शकतात. म्हणून त्यांना उभं राहता येईल अशा जागी ठेवतात आणि त्यांचं काम आधी उरकतात. पिशव्यांचा क्रम लावणं ही नवख्याची जबाबदारी असू शकते. प्रत्येक पिशवीवर कोणत्या फेरीची, किती वाजताची, ही चिठ्ठी लागली पाहिजे.

मग वही. रिंग घालणारा एकामागून एक मापं सांगतो: कड्याचा क्रमांक, प्रजाती, वय, पंखाची लांबी, चोच, नडगी, वजन, पिसांची अवस्था, सोडल्याची वेळ. तुम्ही लिहायचं आणि लिहिलेलं मोठ्याने परत म्हणायचं. त्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढच्या रकान्याकडे जायचं नाही. आकडे सुटे सुटे म्हणा. ‘सदुसष्ट’ आणि ‘सत्त्याऐंशी’ वाऱ्यात सारखेच ऐकू येतात, ‘सहा, सात’ आणि ‘आठ, सात’ येत नाहीत.

पिसांची नोंद सगळ्यात जास्त चुकते. पंखाच्या टोकाकडच्या दहा मोठ्या पिसांना आतून बाहेर या क्रमाने शून्य ते पाच असे गुण देतात. जुनं पीस शून्य, पूर्ण वाढलेलं नवं पीस पाच, मधले आकडे उगवत्या पिसाचे. रिंग घालणारा पंख उलगडून दिव्याखाली धरतो आणि एका दमात म्हणतो: "पाच, पाच, पाच, पाच, चार, दोन, शून्य, शून्य, शून्य, शून्य." तुमच्याकडे दहाच्या दहा आकडे आले पाहिजेत. नऊच आले असतील तर कुठला सुटला याचा अंदाज बांधू नका, लगेच थांबवा. पंख मिटून पक्षी उडून गेला की ती माहिती कायमची गेली. या एका ओळीवरून कळतं की पक्ष्याची पीसगळ कुठवर आली आहे, म्हणजे इथल्या मुक्कामात त्याला पुरेसं खायला मिळतं आहे का.

कड्यांची माळ क्रमाने ओवलेली येते. एखादं कडं वाकलं, गाळात पडलं, तर त्या क्रमांकासमोर तसं लिहायचं. क्रमांक गाळून पुढे गेलात तर अनेक वर्षांनी कोणीतरी त्या हरवलेल्या पक्ष्याचा शोध घेत बसेल.

७. पक्षी हातात येतो तेव्हा

ही वेळ तुम्ही मागायची नाही, शिकवणारा ठरवतो. आधी जाळ्यातून सोडवताना नुसतं पाहायचं: पक्षी कोणत्या बाजूने शिरला, आधी पाय मोकळे करायचे की पंख. मग रिंग घातलेला पक्षी सोडण्यासाठी हातात मिळतो. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, पाठ तळहाताला, बाकीची बोटं सैल. छातीवर दाब पडता कामा नये, पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवरच चालतो. पंचवीस ग्रॅमच्या टिलव्याला तुमची साधी पकडही घुसमटवू शकते.

सोडताना उंच फेकू नका. कोरड्या, मोकळ्या जागी जमिनीलगत तळहात उघडा, तो स्वतः जाईल. पक्षी तोंड उघडून धापा टाकत असेल, डोळे मिटत असेल, तर मापं अर्धवट राहिली तरी त्याला आधी सोडतात. अशा वेळी रिकामा रकाना हीच बरोबर नोंद असते.

८. घुबडांचं काय?

परदेशातली चलचित्रं पाहून बरेच जण खास घुबडांच्या रिंगिंगसाठी विचारतात. उत्तर अमेरिकेत सॉ-व्हेट नावाचं मुठीएवढं घुबड आहे. ते सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये रात्री दक्षिणेकडे सरकतं. १९९४ पासून तिथे प्रोजेक्ट आउलनेट या नावाने केंद्रांचं जाळं उभं राहिलं, आज शंभरावर केंद्रं आहेत आणि बहुतेकांचा भार स्वयंसेवकच उचलतात. नराच्या हाकेचं ध्वनिमुद्रण लावून घुबडांना जाळ्याकडे बोलावतात. पंखाखाली अतिनील दिवा धरला की नवी पिसं गुलाबी चमकतात, जुनी फिकी दिसतात, त्यावरून वय ठरतं. मला त्यांच्याकडून सगळ्यात जास्त घेण्यासारखी वाटते ती शिस्त. सगळीकडे एकाच प्रकारची जाळी, तीच हाक, ठरलेले तास. म्हणून एका केंद्राचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. खाडीवरचं रिंगिंग मुख्यतः पाणपक्ष्यांचं असतं. आपली बहुतेक घुबडं, म्हणजे पिंगळा, गव्हाणी घुबड, येऊरच्या रानातली शिंगळा आणि मत्स्य घुबड, इथेच राहणारी आहेत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारं घुबड म्हणजे आखूड कानांचं घुबड. ते झाडावर नाही, उघड्या माळावर गवतात जमिनीवर बसतं आणि संध्याकाळी उंदरांच्या मागावर खालून उडतं. उरण-पनवेलकडचे गवताळ पट्टे त्याच्या उपयोगाचे, आणि भराव आधी पडतो तोही तिथेच. तुम्हाला ते दिसलं तर तारीख, वेळ, गवताची उंची, किती पक्षी, एवढं लिहून संशोधकांना कळवा. ही नोंद कुठल्याही कड्याइतकी मोलाची आहे.

पाणपक्ष्यांच्या जाळ्यात रात्री कधी पिंगळा किंवा गव्हाणी घुबड अडकू शकतं. तेव्हा नवख्याने हात लावायचा नाही. अनुभवी माणूस आधी दोन्ही पाय ताब्यात घेतो. घुबडाची चोच भीतिदायक दिसते, पण इजा नख्यांनी होते, आणि एकदा आवळलेली नखी ओढून सुटत नाही.

घुबडांसाठी जाळ्याशिवाय करण्यासारखं खूप आहे. एकाच रस्त्यावर, दर महिन्याला, सूर्यास्तानंतर ठरलेल्या वेळी चालायचं आणि ऐकू आलेल्या हाका लिहायच्या. हाक ऐकू आली नाही तर तेही लिहायचं. घुबड हाडं-केस न पचवता गोळा करून बाहेर टाकतं. सोसायटीच्या टाकीखाली असे गोळे सापडले तर हातमोजे घालून, पाण्यात भिजवून उलगडा. आत उंदीर-चिचुंद्र्यांच्या कवट्या मिळतात आणि घुबड काय खातं याचा ताळेबंद हाती येतो. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र गोळा, पीस, काहीही उचलू नका.

ही चिकाटी वाया जात नाही. वनपिंगळा नामशेष झाला असं धरून चालले होते, तो १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याच्या परिसरात पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही दिसला, म्हणजे आपल्या ठाण्यापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर.

आणि एक कळकळीचं सांगणं: घुबडाची ढोली, बसायचं झाड, जागा समाजमाध्यमावर टाकू नका. दिवाळीच्या आसपास अघोरी पूजेसाठी घुबडं पकडली जातात. तुमचा फोटो त्यांना पत्ता देतो. मोबाइलवर हाक वाजवून घुबडाला बाहेर काढायचा प्रकारही करू नका. विणीच्या काळात ते पिलं सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे लागतं. जखमी घुबड किंवा कुठलाही पक्षी सापडला तर हवेशीर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा, पाणी पाजू नका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

९. फसगतीच्या जागा

पैसे घेऊन "पक्षी हातात धरा" असं आश्वासन देणारी शिबिरं. परवानगीचा कागद विचारा, उत्तर तिथेच मिळेल.

अर्ध्या रात्री निघायची घाई. ठाणे-वाशी मार्गावरची शेवटची लोकल कामाच्या ऐन भरात निघते. जाळी उतरेपर्यंत थांबता येणार नसेल तर त्या रात्री येऊ नका, दुसरी तारीख घ्या. अंधारात खाडीच्या बांधावरून कोणीही एकट्याने परत जायचं नाही, हा नियम बाईमाणसांपुरता नाही, सगळ्यांना लागू आहे.

फोटो. रिंग घालताना झळकणारा फ्लॅश पक्ष्याला घाबरवतो आणि कामही थांबवतो. संस्थेने सांगितलेले फोटो काढा, जाळ्यात लटकलेल्या पक्ष्याचे कधीच नाही. ते पाहून कोणाला तरी जाळं विकत घ्यावंसं वाटतं.

आणखी एक, थोडं अवघड. पूर्वीपासून पारंपरिक पद्धतीने पक्षी पकडणाऱ्यांचं कसब बीएनएचएसने संशोधनात वापरलं आहे. गटात अशी माणसं असतील तर त्यांना नुसतं ‘मदतनीस’ समजून बाजूला करू नका. जाळ्यातून न दुखावता पक्षी सोडवण्यात त्यांच्या बोटांना जे कळतं ते प्रशिक्षणाने यायला वर्षं लागतात. त्यांच्या शेजारी बसा, विचारा, त्यांचं नाव नोंदवहीत लिहा.

१०. रिंग घातलेला पक्षी दिसला तर

हे काम तुम्ही आजपासून, कुठल्याही परवानगीशिवाय करू शकता. धातूच्या कड्यावरचा क्रमांक लांबून वाचता येत नाही, म्हणून किनाऱ्याच्या पक्ष्यांना रंगीत फ्लॅगही, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या, लावतात, त्यावर अक्षरं-आकडे असतात. रंगांच्या जोडीवरून कुठे लावला ते कळतं. वाचताना हे लिहा:

- डावा पाय की उजवा. पक्ष्याचा डावा, तुमचा नाही
- फ्लॅग गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर आहे की खाली
- दोन फ्लॅग असतील तर वरचा रंग कोणता, खालचा कोणता
- अक्षरं-आकडे जसे दिसले तसे. अर्धवट वाचलं असेल तर तेवढंच लिहा, उरलेल्या जागी रेघ मारा
- धातूचं कडं कोणत्या पायात
- तारीख, वेळ, भरती की ओहोटी, जीपीएस जागा, थव्यात साधारण किती पक्षी

फोटो धूसर असला तरी पाठवा, संगणकावर उजेड वाढवला की बऱ्याचदा अक्षर उमटतं. मळलेला पिवळा फ्लॅग उन्हात पांढरा दिसतो आणि विटलेला नारिंगी लाल वाटतो, म्हणून पक्षी वळेपर्यंत थांबून दोन बाजूंनी रंग पाहा. थवा उठवून जवळ जाऊ नका. भरतीच्या आधी बांधावर बसलात तर चढतं पाणीच पक्ष्यांना तुमच्याकडे आणतं.

मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडं सापडलं तर हातमोजे घालून क्रमांक आणि कड्यावरचा सगळा मजकूर लिहून घ्या, फोटो काढा. जुन्या भारतीय कड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवण्याचा इंग्रजी मजकूर असतो, परदेशी कड्यांवर तिथल्या संग्रहालयाचं किंवा केंद्राचं नाव. कडं परदेशी असलं तरी बीएनएचएसला कळवलंत की ते पुढे त्या देशाकडे पाठवतात. जिवंत पक्ष्याच्या पायातलं कडं काढायचं नाही, तो जखमी असला तरी.

उत्तर यायला वेळ लागतो, कारण नोंद एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन परत येते. बरेच दिवस काही कळलं नाही तर जुन्याच मेलला उत्तर देऊन आठवण करा. तीच नोंद नव्याने पाठवू नका, नाहीतर एकाच पक्ष्याचं एकच दर्शन दोनदा मोजलं जातं.